एकाच डब्यात अकरा जणी

त्याचा आवाज मी फोनवर दुसऱ्याच वाक्याला ओळखला. कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली, पण काही आवाज कानात घर करून बसतात. त्याने मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलंच नव्हतं; शेणव्याच्या अलीकडच्या फाट्यावरून बोलतेय, तुमचं मशीन लावलेल्या बसमध्ये माझी बहीण चढते, एवढंच म्हटलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, मशीन खोटं बोलत नाही. तुमच्या बायकांना आधी कार्ड मारायला शिकवा." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तेव्हाच ठरवलं होतं, की याला आता सोडायचा नाही.

माझी ताई मुरबाडकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आमच्या फाट्यावरून तिच्यासोबत आणखी दहा जणी जातात. काही आमच्या विहारामागच्या वस्तीतल्या, काही गावातल्या शेतकरी घरातल्या. पहिल्या पाळीच्या वेळेला मुरबाडकडे ना एसटी असते ना जीप, म्हणून कारखान्याची बस येते आणि तिच्यावरच या सगळ्यांची नोकरी चालते. बसच्या दाराशी एक मशीन आहे. चढताना कार्ड टेकवायचं, टिक वाजतं, आणि कुठल्या थांब्यावर किती माणसं चढली ते कारखान्याच्या ऑफिसात दिसतं. मशीन आणि त्यामागचा प्रोग्राम कल्याणच्या एका लहानशा कंपनीचा. फोनवरचा तो त्या कंपनीचा मालक.

आमच्या फाट्यावर कार्ड मारायची पद्धत जरा निराळी आहे, आणि सगळं तिथूनच सुरू झालं. आमच्याकडे लावणीला जाताना सगळ्यांच्या भाकऱ्या एकीच्याच टोपलीत जातात. प्रत्येकीने आपापलं फडकं सांभाळत बांधावरून जायचं, हे कुणाला सुचतच नाही. तसंच कार्डांचं झालं. अकरा कार्डं एका नाडीत ओवलेली, ती ताईच्या घरी खिळ्याला. फाटा चढावर आहे, बसची पायरी उंच आणि ड्रायव्हर घायकुतीला आलेला. म्हणून ताई पहिली चढते, मशीनपाशी उभी राहते आणि एकेक बाई आत आली की तिचं कार्ड टेकवते. टिक, टिक, टिक. जी आली नाही तिचं कार्ड नाडीतच राहतं. यात लबाडी कुणीच कधी केली नाही, आणि करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग एक दिवस बसमध्ये कागद लागला. आमच्या फाट्यावर 'प्रवासी नसल्यामुळे' बस थांबणार नाही, पुढच्या नाक्यावर यावं. नाका म्हणजे अर्ध्या तासाची वाट, वळणावळणाची, दिवे नसलेली, आणि वाळूच्या गाड्या अंगावर येणार त्या वेगळ्याच. ताई आणि बाकीच्या अंधारात चालत जाऊ लागल्या. दोघींना उशिरा आल्या म्हणून कारखान्याच्या दारातून परत पाठवलं. त्या रविवारी मी ठाण्याहून घरी गेले तेव्हा ताई पाय चोळत बसली होती.

"अकरा बाया चढतो आमी रोज," ती म्हणाली. "साहेब म्हणतो एकच चढते. अगो, आमी काय भुतं हाव?"

तिने ऑफिसात विनवण्या करून मोबाइलवर काढून आणलेला तक्ता मी बघितला. थांब्यांची नावं आणि रोजचे आकडे. नाक्यावर नऊ, दहा, नऊ. शाळेपाशी सहा, सात. आमच्या फाट्यावर एक, एक, एक. फक्त एका दिवशी दोन होते. मी ताईला विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं?

ती आठवून म्हणाली, "त्या दिशी पाटलाची सून धावत आली मागनं. बस निघाली व्हती, थांबवली. तिचं कार्ड मागनं मारलं."

मला तिथेच कळलं. मी ठाण्याला ज्या ऑफिसात काम करते तिथे दिवसभर हेच करते: आकड्यांच्या लांबच लांब ओळी, त्यांच्यावर एकदम केलेली बेरीज. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात हा खड्डा दाखवतात.

सोपं करून सांगते. प्रोग्रामात थांब्यांची एक ओळ असते, ओळीने मांडलेल्या डब्यांसारखी, आणि प्रत्येक डब्यावर क्रमांक. समजा, आमचा फाटा पाच नंबरचा. मशीन प्रत्येक मिनिटाला झालेल्या टिका गोळा करून पाठवतं: पाच, पाच, पाच, अशी अकरा वेळा. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने एक सुटसुटीत ओळ लिहिली, की या यादीतल्या प्रत्येक डब्यात एक मिळवा. वाचायला अगदी बरोबर. पण पायथन या प्रोग्रामच्या भाषेत आकड्यांच्या मोठ्या ओळींसाठी जी तयार साधनं असतात, त्यांत अशी ओळ एकेक करून चालत नाही. ती आधी यादीतले सगळे डबे एका दमात वाचते. पाच नंबरचा डबा अकरा वेळा वाचते आणि अकराही वेळा त्यात तोच जुना आकडा असतो. प्रत्येकात एक मिळवते. मग अकरा उत्तरं त्याच डब्यात एकावर एक ठेवते. शेवटचं तेवढं राहतं, आधीची दहा त्याच्याखाली पुसली जातात. अकरा बायका चढतात आणि डब्यात एकच वाढतो. कुठे चूक म्हणून लाल अक्षर येत नाही, प्रोग्राम बंद पडत नाही. नाक्यावर आणि शाळेपाशी माणसं इकडून तिकडून रेंगाळत येतात, बस तिथे चांगली दहा-पंधरा मिनिटं उभी असते, टिका वेगवेगळ्या मिनिटांत पडतात, म्हणून तिथले आकडे जवळपास खरे वाटत होते. आमच्या बायका एकजुटीने चढतात, म्हणून त्या नाहीशा झाल्या होत्या.

यावर उपाय नाही असंही नाही. 'ॲड ॲट' नावाची एक सोय त्याच साधनांत आहे, ती डबा पुन्हा आला की पुन्हा वाचते आणि पुन्हा मिळवते. एक ओळ बदलायची. पाच मिनिटांचं काम. म्हणून मी त्या कंपनीला सरळपणे फोन केला होता, आणि पलीकडून तो आवाज आला.

त्याने माझं ऐकून घेतलं असतं तर कदाचित मी तिथेच थांबले असते. कदाचित. पण मी त्याला सांगितलं, की एकाच मिनिटात एकाच थांब्याची बरीच कार्डं आली तर काय होतं ते तपासा. तर तो त्याच्याकडच्या कच्च्या नोंदी उघडून बघत म्हणाला, "हो, दिसतायत ना. अकरा टिका, अर्ध्या मिनिटात. एक बाई चढते आणि सगळ्यांची कार्डं मारते. याला आमच्याकडे प्रॉक्सी म्हणतात, मॅडम." अकरा नोंदी त्याच्या डोळ्यांसमोर होत्या आणि बेरीज एक येत होती. बेरीज चुकली असेल असं त्याच्या मनात आलं नाही. अकरा बायका लबाड असतील हे मात्र लगेच आलं.

दोन दिवसांनी त्याने तेच कारखान्याला लिहून कळवलं. ताईला सुपरवायझरने बोलावून सांगितलं, चौकशी होईल, तोवर जपून राहा. चौकशीत खोटी ठरली असती तर तिची नोकरी गेली असती. तिच्या नोकरीवर तिचं घर चालतं. माझं कॉलेजही तिच्याच मजुरीवर झालं. आता प्रश्न नुसत्या थांब्याचा राहिला नव्हता.

त्याच्याविषयी आता सांगते, म्हणजे माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते कळेल.

कल्याणला आम्ही एका वर्गात होतो. शेवटच्या वर्षाला सरांनी एक मोठा प्रोजेक्ट आणला होता, बाहेरच्या कंपनीचा, आणि टीम निवडायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. त्या टीममधल्यांना पुढे नोकरी मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या भागातल्या आम्ही दोघी होतो वर्गात. मी, आणि पलीकडच्या गावातली एक. दोघी मुरबाडहून एकाच जीपने यायचो, दोघींच्या वेण्या, दोघींचे डबे तांदळाच्या भाकरीचे, दोघींच्या घरी बाबासाहेबांचा तोच फोटो. त्याने तिला घेतलं. मी विचारायला गेले, कारण प्रोग्रामिंगमध्ये माझे मार्क त्याच्याहूनही जास्त होते. लॅबमध्ये सगळे बसलेले. तो खुर्ची न वळवता म्हणाला, "तुमच्याकडची एक घेतलीय ना? आता अजून एक कशाला? ही टीम आहे, कोटा नाही." आणि सगळे हसले. माझी मैत्रीण मान खाली घालून बसली. तिच्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता. ती आता पुण्याला असते आणि चौदा एप्रिलला न चुकता फोन करते.

त्या टीमला नोकऱ्या लागल्या. मी वर्षभर घरी बसून पोरांच्या शिकवण्या घेतल्या आणि त्या एका वाक्याला मनातल्या मनात शंभर उत्तरं दिली. रस्त्यात, जीपमध्ये, भांडी घासताना. माणूस विसरतो, माफ करतो, असं बोलायला बरं असतं. मी विसरले नाही आणि माफ तर अजिबात केलं नाही. त्याचं वाईट व्हावं असं मला रोज वाटायचं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आणि आता त्याने पुन्हा तेच केलं होतं. आमच्याकडच्या अकरा जणींची एक केली होती.

कारखान्यात बसेसचं बघणारे एक साहेब आहेत, वयस्क, फारसं न बोलणारे. ताई आणि बाकीच्यांनी त्यांना गाठून सांगितलं, चौकशी करायची तर समोरासमोर करा, मशीनवाल्यालाही बोलवा. ते तयार झाले. ताईची बहीण म्हणून मीही गेले. गेटवर त्याला आणि मला, दोघांनाही पाहुण्यांची कार्डं मिळाली. त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, भुवया वर केल्या.

साहेबांच्या खोलीत आम्ही सात जण होतो. साहेब, त्यांचा मदतनीस, सुपरवायझर, ताई, पाटलाची सून, तो आणि मी. तो लॅपटॉप उघडून छान बोलला. एका बाईने बाकीच्यांची कार्डं मारणं हा गैरप्रकार आहे, यंत्रणा अचूक आहे, कडक सूचना द्याव्यात. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी साहेबांना म्हटलं, "जादाचं एखादं मशीन असेल तर मागवता का? इथेच बघू."

मशीन आलं. मी सगळ्यांकडे कार्डं मागितली. साहेबांनी गळ्यातलं काढून दिलं, सुपरवायझरने खिशातलं. त्याचं मी सगळ्यात आधी घेतलं. सातही कार्डं, ताई टेकवते तशी, एकामागून एक टेकवली. शेवटी माझं. मग मिनिट संपायची वाट बघितली.

त्याच्याच लॅपटॉपवर आकडा आला. एक.

"साहेब, या खोलीत किती माणसं आहेत?" मी विचारलं.

त्यांनी बोट फिरवून मोजलं. "सात."

"यांचं मशीन म्हणतंय एक. शेवटचं कार्ड माझं होतं, आधीच्यांच्यावर माझी बेरीज बसली. म्हणजे ती एक मी. तुम्ही आज कामावर आलेलाच नाही साहेब. आणि हे," मी त्याच्याकडे बोट केलं, "हे तर इथे नाहीतच."

साहेब असे हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. तो कानापर्यंत लाल झाला. "ही अपवादात्मक परिस्थिती आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "आमच्या फाट्यावर ही परिस्थिती रोज पहाटे उभी असते." मला त्या क्षणी किती बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. उन्हातून आल्यावर पाणी प्यावं तसं वाटलं.

चौकशी तिथेच बारगळली. थांबा परत सुरू करायचं ठरलं. पण माझं मन भरलं नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, यंत्रणा दुरुस्त झाली हे कशावरून मानायचं? एक दिवस कुणीतरी फाट्यावर उभं राहून माणसं मोजावीत आणि मशीनशी ताडून बघावीत. कंपनीतलं कुणीतरी. शक्यतो ज्यांनी प्रोग्राम लिहिला तेच. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. तुम्हीच या. पहिल्या पाळीला."

बाहेर जिन्यात त्याने मला विचारलं, कुठली ओळ चुकलीय ते सांगाल का? मी म्हटलं, शोधा. त्याने शोधली. तो मूर्ख नाही, हे कबूल करायला लागतं.

ठरल्या दिवशी तो स्वतःच्या गाडीने फाट्यावर आला. अजून उजाडलेलं नव्हतं. तानसा धरणाकडून गार वारा येत होता आणि त्याच्या अंगात नुसता शर्ट. मी आदल्या दिवशीच घरी येऊन राहिले होते. हा सोहळा चुकवणार नव्हते. बायका जमल्या. त्यांना मी काहीही शिकवलं नव्हतं, पण त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती.

"ह्यो कोन गो?" एकीने विचारलं.

"आपल्याला मोजाया आलाय," ताई म्हणाली. "नीट उभी ऱ्हा. नायतर परत अकराची एक धरंल."

बस आली. एरवी हॉर्न वाजवून जीव खाणाऱ्या ड्रायव्हरने इंजिन बंद करून हात डोक्यामागे घेतले. ताई चढली, नाडी काढली. मी त्याला म्हटलं, "मोठ्यानं मोजा, म्हणजे आम्हालाही कळेल." तो हातात कागद-पेन घेऊन पायरीशी उभा राहिला आणि मोजू लागला. एक. दोन. एक बाई चप्पल अडकली म्हणून परत उतरली, तिला वगळून परत चढल्यावर धरायला लागलं. पाटलाच्या सुनेने त्याच्यासमोर उभं राहून विचारलं, "धरलं का मला?" तो "हो" म्हणाला. "मंग बोला ना." त्याने सात म्हटलं. बसच्या खिडक्यांतून हसणं ऐकू येत होतं. अकरापर्यंत पोचेस्तोवर त्याचा आवाज पार कोरडा पडला.

मोबाइलवर त्याने आकडा बघितला. अकरा. त्याने तो मला दाखवला आणि मी मान हलवली. मला वाटलं, संपलं. लॅबमधलं ते हसणं मी त्याला व्याजासकट परत केलं होतं.

तेव्हा तो माझ्याजवळ आला, हळू आवाजात बोलायला. आणि त्याने मला नावाने हाक मारली. माझ्या मैत्रिणीच्या नावाने.

"मला त्या दिवशी ऑफिसातच ओळख पटली होती," तो म्हणाला. "तू कॉलेजात अशी नव्हतीस. तेव्हा मी तुला टीममध्ये घेतलं होतं. आठवतंय? चांगले पांग फेडलेस."

इतकी वर्षं मी याचा राग जपला, वाढवला, आणि याच्या डोक्यात मी नव्हतेच. आमच्या भागाचा एकच डबा होता तिथे. त्यात आम्ही दोघी पडलो, एकीवर एक, आणि राहिली ती मैत्रीणच. ते वाक्य तो कुणाला बोलला होता हेही त्याला माहीत नव्हतं. मी घेतलेला हा सगळा सूडसुद्धा तिच्या नावावर जमा झाला होता. मी जन्मात इतकी संतापले नव्हते.

"ती पुण्याला असते," मी म्हणाले. "तू जिला घेतलं नाहीस, ती मी."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता आणि आठवत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"काय गो, अजून काय मोजतोय तो?" ताईने खिडकीतून विचारलं. ड्रायव्हर अजून थांबलाच होता.

"कागद पुढे धर," मी त्याला म्हटलं. "वर्गात आमच्याकडच्या ज्या होत्या, त्या मोज. ती एक. मग मी. मोज."

त्याने बसकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. कुणीही त्याच्या मदतीला येणार नव्हतं.

"एक," तो पुटपुटला. "दोन."

"मोठ्यानं," मी म्हणाले.